कुणी कुठवर आत जायचं

सांगली
६ जानेवारी २०२५

आदरणीय उमाताई,

सादर नमस्कार. रक्तपेढीच्या सर्व्हरवर बाहेरून लॉगिन करण्यासाठी या महिन्यात तीन नवी प्रमाणपत्रं हवी आहेत. तिघांच्या संगणकी किल्ल्यांच्या फाइल मेलने पाठवल्या आहेत आणि त्यांचे ठसे, म्हणजे ओळख पटवणारी अक्षरं, या पत्राच्या मागे हाताने लिहिले आहेत. फाइलमधला ठसा कागदावरच्या ठशाशी जुळला तरच सही करायची, हा तुमचाच नियम. तरी लिहिते, कारण तुम्ही पुढच्या पत्रात विचाराल.

पहिलं, शिबिरात न्यायच्या टॅबलेटसाठी. त्यावरून नवा रक्तदाता नोंदवता यावा, जुनी कुठलीही नोंद दिसू नये. मुदत शिबिरांच्या आठवड्यापुरती.

दुसरं, डॉ. अबोलींसाठी. तपासण्यांचे निकाल पाहणे आणि कायम करणे. फक्त रक्तपेढीच्या इमारतीतून चालावं, बाहेरून नाही. मुदत तीन महिने.

तिसरं अध्यक्षांसाठी, म्हणजे तात्यांसाठी. त्यांना घरी बसून बघायचं आहे. काय बघायचं आहे असं विचारलं तर म्हणाले, "सगळं. पेढी कुनाची हाय?" म्हणून 'सगळं' असं लिहिलं आहे.

तात्यांच्या मुदतीची जागा मी मोकळी सोडली आहे. दोनदा पेन टेकवलं. मागच्या महिन्यातच त्यांच्या हृदयात स्प्रिंग बसवली, अजून जिना चढताना मध्ये थांबतात. "तात्या, तुमची मुदत कधी संपते असं लिहू?" हे मला काही त्यांना विचारता आलं नाही. तुम्ही सख्ख्या बहीण आहात, तुम्ही योग्य तो आकडा घालावा.

माझ्या स्वतःच्या प्रमाणपत्राची पंधरवड्याची विनंती नेहमीप्रमाणे वेगळी येईल.

आपली,
नूरीन


सातारा
११ जानेवारी २०२५

प्रिय नूरीन,

रिकामी जागा म्हणजे विनय नव्हे. पाचगणीला आमच्या कॉन्व्हेंटमध्ये रिकामी जागा सोडली की सिस्टर ती जागा आमच्याकडून शंभरदा भरून घेत. तुझं इंजिनिअरिंगचं कॉलेज याबाबतीत ढिलं दिसतं.

मी एकदा सही केली की तो सर्व्हर ते प्रमाणपत्र डोळे मिटून मानतो. तो मला साताऱ्याला फोन करून विचारत नाही की बाई, हा माणूस बरा आहे ना. म्हणून सहीच्या वेळीच तीन प्रश्न विचारायचे असतात: कोण, कुठवर, कधीपर्यंत. पुरात तुमच्या तळमजल्यावरचं सगळं वाहून गेलं, तेव्हा सहीची किल्ली नदीपासून लांब ठेवायचं ठरलं आणि ती माझ्या लोखंडी कपाटात आली. त्यानंतर जयराजच्या आवाजात कुणीतरी फोन करून तुझ्याकडे पासवर्ड मागितला, तेव्हापासून विनंती कागदावर आणि टपालानेच, असा नियम झाला. तुमच्या सेक्रेटरीचा आवाज कुणालाही काढता येतो, त्यात काही विशेष नाही. तुझं अक्षर काढणं अवघड आहे. लोक मला हसतात. हसू देत. दूरसंचार खात्यात मी अख्खी नोकरी केली, मला माहीत आहे माणसं टेलिफोनवर काय काय बोलतात ते.

टॅबलेट आणि अबोली, दोन्हीचे ठसे जुळले. सह्या केल्या, मेलने गेल्या आहेत.

आता तात्या. मी एक वर्ष असं लिहिलं. पडद्यावर ओळ आली: तात्या, अमुक तारखेपर्यंत वैध. ती वाचली आणि पुसली. मी पत्रिका बघत नाही, आणि मांजर आडवं गेलं तर मांजराला वाट देते. पण त्या दवाखान्याच्या बाकावर मी चार दिवस बसले होते. थोरल्या भावाच्या नावापुढे संपायची तारीख मी माझ्या बोटांनी टंकणार नाही. 'कायम' ठेवलं आहे.

मात्र फक्त बघण्यापुरतं. बदलण्याची परवानगी दिली तर ते लोकांचे रक्तगटसुद्धा त्यांच्या मताप्रमाणे दुरुस्त करतील. दोन दिवस बघतील आणि कंटाळतील.

तुझी,
उमाताई


सांगली
१२ मार्च २०२५

आदरणीय उमाताई,

सादर नमस्कार. या पंधरवड्याची विनंती सोबत नाही. ट्रस्टने मला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं आहे.

एका रक्तदात्या मुलीच्या तपासणीची माहिती बाहेर गेली. तिच्या लग्नाची बोलणी चालली होती, ती मोडली. पत्रिका जुळत नाही असं कारण कळवलं गेलं, पण नंतर 'रक्तात दोष आहे' असं नातेवाइकांत बोललं जाऊ लागलं. तिचे वडील रक्तपेढीत आले आणि काउंटरसमोर उभे राहून मोठ्याने बोलले. संगणक माझ्या ताब्यात, म्हणून संशय माझ्यावर. लॅपटॉप जमा केला आहे. माझी किल्ली त्यातच असल्यामुळे माझं प्रमाणपत्र कृपया रद्द करावं.

रोजे चालू आहेत, त्यामुळे मी घरी आहे याचं शेजारी कुणाला नवल वाटत नाही. अम्मीने तुम्हाला सलाम सांगितला आहे. चौकशीत माझ्याविरुद्ध निघालं तर कामावरून काढतील, आणि कारणही लिहून देतील. तसं कारण लिहिलेला कागद घेऊन या गावात कुठल्याही दवाखान्यात काम मिळणार नाही.

आपली,
नूरीन


सातारा
१७ मार्च २०२५

नूरीन,

इतकं मोठं घडलं आणि तू मला अर्धं पान लिहितेस?

तुझं प्रमाणपत्र रद्द केलं आहे. ते वेगळं. आता मला सरळ उत्तर दे. तुझ्या पत्रात मुलीच्या वडिलांचा आवाज आहे, ट्रस्टचा निर्णय आहे, शेजारी आहेत, तुझी आई आहे. 'मी केलं नाही' हे वाक्य नाही. निरपराध माणूस ते वाक्य आधी लिहितो आणि बाकीचं मागून.

तुझा आतेभाऊ राहील मिरजेला तपासणीच्या लॅबमध्ये आहे ना? त्याच्यापाशी बोलता बोलता काही निघालं का? मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही. घरात जेवताना माणूस बोलून जातो. तसं असेल तर तसं लिही, मी ट्रस्टशी बोलेन. पण लपवाछपवी मला खपत नाही. तुला घ्या असं जयराजला मी सांगितलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, "मावशी, मुलगी हुशार आहे, पण जबाबदारी तुमची." ही जबाबदारी मी घेतली होती. आता मी त्याला काय तोंड दाखवू?

उलट टपाली उत्तर दे. फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

उमा


सांगली
२१ मार्च २०२५

आदरणीय उमाताई,

मी केलं नाही. घ्या, लिहिलं.

राहीलचं नाव तुम्हाला कसं सुचलं ते मी विचारत नाही. सात विश्वस्तांच्या एवढ्या मोठ्या ट्रस्टमध्ये आतेभाऊ फक्त मलाच आहे असं दिसतं.

पहिल्या पत्रात मी ते वाक्य लिहिलं नाही, कारण त्याच्यामागून लगेच दुसरा प्रश्न येतो: मग कुणी केलं? जयराज सरांनी तोच विचारला. मी गप्प बसले. मी नाव घेतलं असतं तर सगळे म्हणाले असते, पोरीने स्वतःवरचं दुसऱ्यावर ढकललं. तुम्हीसुद्धा म्हणाला असता. मागच्या पत्रानंतर मला त्याबद्दल शंका राहिलेली नाही.

म्हणून नाव मी आताही घेत नाही. तुम्ही सह्या करता, तुम्हीच काढा. ती नोंद फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, रक्तपेढीच्या बाहेरून उघडली गेली. त्या आठवड्यात माझं प्रमाणपत्र संपलेलं होतं. नव्याची विनंती तुमच्या टपालपेटीत पडून होती, कारण तुम्ही शाळेच्या जुन्या मैत्रिणींबरोबर पाचगणीला होता. ते दिवस मी काउंटरवर पावत्या फाडत काढले. डॉ. अबोली त्यांच्या वडिलांच्या आजारपणासाठी पाटणला होत्या, आणि त्यांचं प्रमाणपत्र इमारतीबाहेर चालतच नाही. टॅबलेटवर जुनी नोंद दिसत नाही. जयराज सरांचं प्रमाणपत्र फक्त हिशोबापुरतं आहे.

वजाबाकी तुम्हाला येते.

नूरीन


सातारा
२५ मार्च २०२५

तीर्थस्वरूप तात्यांस,

साष्टांग नमस्कार. नमस्कार वयाला आहे, बाकीच्या पत्राचा त्याच्याशी संबंध नाही.

तुमच्या नातवासाठी, देवदत्तसाठी, ती मयूरी पाहिली होती ना? पाडव्याला सुपारी फोडू म्हणत होतात. मग वहिनींच्या पश्चात घरात सगळ्यात वडील माणूस म्हणून तुम्ही मला कळवलंत की पत्रिकेत नाडी आली. मी म्हटलं, असेल बाई. मला कुठे ठाऊक होतं की नाडी तुम्ही लॅपटॉपवर पाहिलीत.

तुम्ही त्या मुलीची नोंद उघडलीत. नाकारू नका. ज्यांना ती उघडता येते असे लोक मी बोटांवर मोजले आणि प्रत्येक बोट मिटत गेलं. तुमचं राहिलं. मुलगी कॉलेजच्या शिबिरात येऊन दुसऱ्या कुणाचा जीव वाचावा म्हणून रक्त देते, आणि आपण तिचं रक्त घेऊन तिची सोयरीक तपासतो! भर चौकात पाटी लावा: येथे रक्त द्या, स्थळ मोडून मिळेल.

आणि तुमच्याऐवजी घरी कोण बसलं? नूरीन. रोजे धरून, शेजाऱ्यांना न सांगता. जयराजने तिला विचारलं तेव्हा तुम्ही त्याच खोलीत अध्यक्षाच्या खुर्चीवर बसलेले असणार. तिने तुमच्याकडे बघितलंही नसेल. मी तिच्यावर संशय घेतला, तो वेगळा हिशोब आहे, तो मी तिच्याशी पुरा करीन.

तुमचं प्रमाणपत्र मी आज रद्द केलं. माझं स्वतःचं सर्व्हरवर सगळीकडे चालतं, तेव्हा मी स्वतः आत जाऊन रद्द केलेल्यांच्या यादीत तुमचा नंबर घातला. आता तुम्ही कितीही बटणं दाबा.

आणि काय पाहिलंत हे तरी तुम्हाला कळलं का? पहिल्या चाळणीत लाल अक्षर आलं म्हणून तुम्ही घाबरलात. पहिली चाळणी मुद्दाम संशयखोर ठेवलेली असते. त्याच्याच खालच्या ओळीत पक्की तपासणी आहे, ती संपूर्ण स्वच्छ आहे. मयूरीला काही झालेलं नाही. पण तुम्हाला पान खाली सरकवता येत नाही. जन्मभर मालट्रक चालवलेत, पुढचा रस्ता न बघता घाटात कधी वळलात का?

पाडव्यानंतर विश्वस्तांची बैठक आहे. तिथे उभं राहून सांगा की नूरीनचा दोष नाही. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगलीला येऊन सांगेन. आणि मी सुरू झाले की मध्ये थांबत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

तुमची,
उमा


सांगली
४ एप्रिल २०२५

चि. उमास,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. सुनंनं वाचून दाखवलं आन मधीच उठून सैपाकघरात गेली ती भायेर आलीच न्हाई. मग आमी चष्मा लावून पुढचं वाचलं. लय टोचून लिवतीस. आबांनी तुला पाचगणीला घातली तवाच आई म्हनली हुती, पोरगी परत आल्यावर समद्यांस्नी शिकवल.

आता ऐक. पोरीचा बापच म्हनला, आमची मयूरी दरसाल तुमच्याच पेढीत रक्त देती. आमी म्हनलं, मग घरचीच गोष्ट हाय. सोयरीक करायची म्हंजे मानूस चौकशी करतंय. बैल घ्यायचा तरी चालवून बघत्यात. आमी मशीन उघडलं, नाव घातलं, लाल अक्षर दिसलं. सुनंला सांगितलं. सुनंनं तिच्या विट्याच्या भनीला सांगितलं. पुढं कुठवर गेलं ते आमच्या हातात ऱ्हायलं न्हाई. माजी पेढी, माज्याच घरात शिरलो, चोरी कसली, असं वाटत हुतं. माजा किन्नर, ट्रकवरचा पोऱ्या, पेठनाक्याला रक्त न मिळता गेला, तवा ही पेढी मी उभी केली. पर तुजं पत्र वाचल्यापास्नं तसं वाटायचं थांबलंय.

काल बैठक झाली. मी उभा ऱ्हायलो. म्हनलं, नूरीनचा काय बी दोष न्हाई, त्या पोरीचं मी बघितलं. जयराज म्हनला, "तात्या, बसा, बीपी वाढंल." मी म्हनलं, "आवं जयराजराव, बीपी माजा हाय आन चूक बी माजीच हाय. दोन्हीतलं तुमाला काय द्यायचं न्हाई." नूरीनला बोलावून घेतली हुती, ती कोपऱ्यात बसलेली. तिच्याकडं बघून मी हात जोडलं. मग म्हनलं नुसतं आपल्या तोंडानं सांगून भागायचं न्हाई, म्हनून तुजं पत्र खिशातनं काढलं आन समद्यांम्होरं वाचलं. मयूरीची पक्की तपासनी स्वच्छ हाय ते तर दोनदा वाचलं, मोठ्यांदा. म्हंजे नूरीनचं बी नाव धुतलं आन त्या पोरीचं बी. एका दगडात.

नूरीनला परत कामावर घ्यायचा ठराव झाला. तिच्या डोळ्यांत पानी आलं हुतं. लय बरं वाटलं आसंल पोरीला.

देवदत्त पुन्यासनं फोन उचलत न्हाई. तुजा उचलतोय का बघ.

तुजा,
तात्या


सांगली
७ एप्रिल २०२५

आदरणीय उमाताई,

सादर नमस्कार. ट्रस्टने मला परत बोलावलं आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही, आणि का ते तुम्हाला आधी सांगायला हवं.

तात्या उभे राहिले, त्यांनी हात जोडले, तेव्हा मला रडू आलं. या गावात अध्यक्ष उभा राहून चूक कबूल करतो हे मी पाहिलेलं नाही. ते तिथेच थांबले असते तर मी दुसऱ्याच दिवशी कामावर गेले असते. मग त्यांनी तुमचं पत्र काढलं.

मुलीचं नाव, पहिली चाळणी, पक्की तपासणी, सगळं विश्वस्तांनी ऐकलं. चहा घेऊन आलेल्या कोंडीबांनी ऐकलं, आणि दार उघडं असल्यामुळे काउंटरवर उभ्या असलेल्यांनीही ऐकलं. तोवर जी गोष्ट फक्त कुजबुज होती, तिच्यावर त्या दिवशी अध्यक्षांचं शिक्कामोर्तब झालं. 'स्वच्छ' हा शब्द किती जणांच्या लक्षात राहील ते मला सांगता येत नाही. 'लाल' राहील.

घरी आल्यावर मी विचार करत बसले. पक्क्या तपासणीचा निकाल मी तुम्हाला लिहिला नव्हता. तात्यांनी तर पान खाली सरकवलंच नव्हतं. डॉ. अबोली कुणाला सांगणार नाहीत. मग तो तुमच्या पत्रात कुठून आला?

तात्यांचा नंबर यादीत घालण्यासाठी त्या मुलीची नोंद उघडावी लागत नाही. ती दोन वेगळी कामं आहेत. तुम्ही आत गेलातच होता, म्हणून तेही पाहिलंत. तुम्ही नुसतं कुतूहल म्हणून पाहिलं नाही, तुम्हाला तिची काळजी वाटली, हे मला माहीत आहे. तात्यांनाही काळजीच वाटली होती.

ईदच्या दिवशी मिरजेच्या एका दवाखान्याचा निरोप आला आहे, त्यांना संगणकासाठी माणूस हवा आहे. मी त्यांना आठवडाभर थांबायला सांगितलं आहे. आपल्या पेढीत यायचं तर माझं म्हणणं असं.

सही साताऱ्यात राहू दे, पण रद्द करण्याचा अधिकार सांगलीत असावा, डॉ. अबोली आणि माझ्याकडे. कुणाचंही रद्द करता यावं. अध्यक्षांचं, सेक्रेटरींचं, आणि तुमचंही. मागच्या महिन्यात ते माझ्या हातात असतं तर तात्यांचं प्रमाणपत्र त्याच दिवशी थांबलं असतं आणि मला कुणाचं नाव घ्यायची वेळ आली नसती.

आणि तुमचं स्वतःचं जे सगळीकडे चालतं, ते बंद व्हावं. मी परत आल्यावर पहिल्याच दिवशी ते रद्द करू शकते. पण मी करण्याआधी तुम्ही केलेलं मला आवडेल. सहीची किल्ली तुमच्याचकडे आहे, तेव्हा तुम्ही उद्या स्वतःसाठी नवं काढू शकता, ते मी अडवू शकत नाही. पण ते वापरलंत तर मला दिसेल, आणि मी रद्द करीन.

एक विनंती. त्या मुलीच्या घरी माफीचं पत्र पाठवू नका. तुमच्या मनात येईल, म्हणून लिहिते. घरात आलेलं पाकीट कोण फोडेल याची खात्री नसते. डॉ. अबोली तिला स्वतः भेटणार आहेत. तिला काय हवं ते ती त्यांना सांगेल.

हे उद्धट वाटलं तर वाटू दे. गोड लिहायला मला वेळ होता, पण मी मुद्दाम लिहिलं नाही.

आपली,
नूरीन


सातारा
११ एप्रिल २०२५

प्रिय नूरीन,

तुझ्या पत्राला मी आधी चार पानांचं उत्तर लिहिलं. व्याकरण निर्दोष होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचलं तर प्रत्येक परिच्छेद 'पण मी' अशा शब्दांनी सुरू होत होता. पण मी वाचण्यासाठी उघडलं नाही. पण मी तात्यांना खरं काय ते समजावं म्हणून उघडलं. पण मी या पेढीचा पहिला संगणक बसवला. ती पानं मी फाडली. तात्यांचं पत्र पुन्हा काढून वाचलं, त्यातही तेच होतं, फक्त शब्द वेगळे होते. मला त्या माणसाची बहीण असल्याचा इतका राग यापूर्वी कधी आला नव्हता.

तुझं म्हणणं मान्य आहे. जयराजला तसं लिहिलं आहे. त्याचं उत्तर आलं की 'मावशी, एवढं कशाला'. त्याला कळवलं आहे की एवढंच, आणि त्याच्या स्वतःच्या प्रमाणपत्रालाही हाच नियम लागू आहे. सहा महिन्यांनी त्याची मुदत संपते, तेव्हा त्याने मला विनंती लिहावी, सुवाच्य अक्षरात. रद्द करण्याचा अधिकार तुम्हा दोघींना देणारी प्रमाणपत्रं करून द्यायची आहेत. अबोलीचा ठसा आला आहे. तुझी किल्ली नवी काढ आणि ठसा पाठव.

तात्यांनी स्वतःसाठी पुन्हा मागितलेलं नाही. देवदत्त माझाही फोन उचलत नाही. माझं जरा डोकं फिरलं होतं, त्याला समजवायला पुण्याला जावं म्हणून पिशवी भरली होती. मग वाटलं, त्याला काय समजवणार? तो मुलीबद्दल विचारणार आणि मी उत्तर देणार, कारण मला उत्तर माहीत आहे. पिशवी रिकामी केली.

राहीलचं नाव मी घेतलं ते चूक होतं. चूक हा शब्द अपुरा आहे, पण मला दुसरा सापडत नाही. त्याला हे सांगायचं की नाही ते तू ठरव. सांगितलंस तर मी त्यालाही लिहीन.

काल दुपारी मी शेवटची सर्व्हरवर गेले, यादीत माझा नंबर घातला आणि बाहेर पडले. खात्री करायला पुन्हा आत जाऊन पाहिलं. परवानगी नाही, असं आलं. दुसऱ्यांदा केलं. तेच. मी कोण आहे, किती वर्षं आहे, माझा हेतू काय आहे, हे त्याला सांगायला कुठे जागाच नाही. तशी जागा नसावी अशी व्यवस्था मीच केली होती, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? मग चहा टाकला.

सोमवारी जयंतीची सुट्टी आहे. मंगळवारी जा. तात्या दारात उभे राहणार आहेत, त्यांना भाषण करू देऊ नकोस. तुझं प्रमाणपत्र पंधरवड्याचंच असेल.

मिरजेच्या दवाखान्याला नकार कळवशील तो नीट कळव, तू संशयाखाली घरी बसली होतीस तेव्हा त्यांनी तुला बोलावलं होतं.

आणि ती मुलगी पुन्हा शिबिरात आली किंवा नाही आली, तरी मला लिहू नकोस.

तुझी,
उमाताई